वीज गेली तर लाइफबोट खाली कशी येते? आणि नांगराचं काय?

पारंबी
मोठ्या जहाजांच्या बाजूला त्या नारिंगी बोटी टांगलेल्या असतात, त्यांच्याबद्दल एक सरळ प्रश्न आहे. जहाजात पाणी शिरलं की सगळ्यात आधी बंद पडणार ती इंजिनं आणि जनरेटर. म्हणजे बोट ज्या वेळी हवी, नेमकी त्याच वेळी ती उतरवणारी मोटर मेलेली असणार. हे बांधणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं कसं म्हणू? पण मग करतात काय? धाकटा भाऊ म्हणतो बॅटरी असते. नवरा म्हणतो हाताने फिरवतात. दोघंही ठामपणे सांगतात आणि दोघांनीही जहाज फक्त मांडव्याच्या जेट्टीवरून पाहिलंय.

दुसरं, बाल्टिमोरच्या पुलाला धडकलेल्या जहाजाची वीज गेली होती, तरी त्यांनी नांगर टाकला असं वाचलं. तो कसा टाकला? नांगर उचलणारं-सोडणारं यंत्रही विजेवरच चालत असेल ना?

इथे बोटीवर नोकरी केलेले बरेच आयडी आहेत. जरा सविस्तर लिहा.

लोकल_डोंबिवली
बॅटरी नाही, हात नाही. देवाचं नाव घेऊन उडी मारतात. (हलके घ्या.)
जाणकारांच्या प्रतीक्षेत.

डेकवाला
वजन. एवढंच उत्तर आहे, पारंबीताई.

बाजूला टांगलेली बोट स्वतःच्या वजनाने खाली जाते. मोटर लागते ती परत वर घेताना. बोट ज्या दोन वाकड्या बाहूंवर बसलेली असते त्यांना डेव्हिट म्हणतात. बोटीच्या पुढच्या आणि मागच्या हुकाला एकेक पोलादी वायर असते, ती फॉल. दोन्ही फॉल एकाच विंचच्या (वायर गुंडाळणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राच्या) ड्रमांवर गुंडाळलेले. त्या विंचच्या ब्रेकला एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला चांगलं जड वजन. हात काढला की दांडा खाली पडतो आणि ब्रेक लागतो. म्हणजे उतरवायचं असेल तेव्हा दांडा उचलून धरायचा, थांबवायचं असेल तेव्हा काही करायचंच नाही, नुसता सोडून द्यायचा. घाबरलेल्या माणसाच्या हातात देण्याजोगं यंत्र असावं तर असं.

क्रम असा: डेव्हिट जागेवर अडकवून ठेवणाऱ्या हार्बर पिना काढा, बोटीला आवळून ठेवणारे ग्राइप सोडा, दांडा उचला. डेव्हिट बोटीसकट बाहेर झुकतात आणि बोट पाण्याकडे निघते. दांडा उचलायला कुणी डेकवर मागे राहू नये म्हणून ब्रेकची एक बारीक वायर बोटीच्या आत आणलेली असते. सगळे आत बसले की एक जण ती ओढून धरतो.

नांगराचंही तेच. पुढच्या डेकवर असतो तो विंडलास. विहिरीवरच्या रहाटासारखाच आडवा दांडा, फक्त दोराच्या जागी साखळी. साखळीच्या कड्या बरोबर बसतील अशा खाचा असलेलं चाक त्यावर असतं, त्याला जिप्सी म्हणतात. टाकायच्या वेळी हे चाक क्लचने मोटरपासून सोडवून नुसतं ब्रेकवर ठेवायचं. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, हुकूम आला की ब्रेक मोकळा. मोठ्या जहाजाचा नांगर दहा टनांच्या वर असतो, त्याला ओढून न्यायला कुणाची गरज नाही. साखळी धडधडत निघते, गंजाचा आणि वाळलेल्या चिखलाचा लाल धुरळा उडतो. गॉगल नसेल तर डोळे चोळत बसायचं.

म्हणून वीज नसली तरी नांगर पडतो. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या त्या 'डाली' जहाजावर पायलटने (बंदरातली वाट दाखवणाऱ्याने) डावा नांगर टाकायला सांगितला आणि तो टाकलाही. पण पहिल्यांदा वीज गेल्यापासून पुलाला धडक बसेपर्यंत जेमतेम चार मिनिटं गेली. ३०० मीटर लांबीचं, कंटेनरांनी भरलेलं जहाज. ते नांगराने थांबत नसतं. चालत्या जहाजाचा ब्रेक म्हणून नांगर बनवलेलाच नाही. आम्ही नांगर टाकतो तेव्हा जहाज जवळपास उभं असतं, वेग अर्ध्या नॉटच्या, म्हणजे ताशी एक किलोमीटरच्या, आत.

पारंबी
वा! भाऊ आणि नवरा दोघंही नापास, हे सांगायला मजा येईल. पण दांडा उचलला की बोट दगडासारखी खाली नाही का जाणार? पन्नास-साठ माणसं आत असतात.

रुपाली_एन
नवऱ्याला अर्धे मार्क द्या. विंचला हाताने फिरवायची दांडी असते, पण ती बोट वर घ्यायला. भावालासुद्धा पाव मार्क देता येईल, कारण नियमात दोन पर्याय आहेत: बोट गुरुत्वाकर्षणाने उतरावी किंवा साठवून ठेवलेल्या यांत्रिक शक्तीने. मोठ्या क्रूझ जहाजांवर डेव्हिटचे बाहू दुर्बिणीच्या नळीसारखे आतून बाहेर सरकतात. ते ढकलायला दाबाखाली साठवलेलं तेल वापरतात. म्हणजे बॅटरीच, पण तेलाची. डेकवालासाहेबांचं 'एवढंच उत्तर आहे' हे मालवाहू जहाजापुरतं बरोबर.

वेगाचं असं: विंचमध्ये हाताच्या ब्रेकशिवाय आणखी एक ब्रेक असतो, सेंट्रिफ्यूगल. ड्रम जास्त वेगाने फिरायला लागला की त्यातले गोटे बाहेर फेकले जातात, ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात आणि वेग आपोआप आटोक्यात राहतो. दांडा पूर्ण उचलला तरी बोट ठरलेल्याच वेगाने उतरते. कमीत कमी वेगाचंही सूत्र आहे: ०.४ अधिक ०.०२ गुणिले डेव्हिटच्या टोकापासून पाण्यापर्यंतची उंची. उंची मीटरमध्ये, उत्तर मीटर प्रतिसेकंद. उंची २० मीटर असेल तर सेकंदाला ०.८ मीटर. फार हळू उतरली तर लाट तिला जहाजाच्या अंगावर आपटते, म्हणून हा किमान वेग.

माझा अनुभव म्हणाल तर उतरवताना भीती कमी, वर घेताना जास्त. बोट जागेवर बसायच्या थोडं आधी लिमिट स्विचने मोटर बंद करायची असते. त्या स्विचवर रंगाचे थर चढलेले आम्ही किती वेळा पाहिले! स्विच अडकला तर मोटर ओढतच राहते आणि डेव्हिट आधीच टेकलेले असतात. मग ताण जायचा कुठे? वायरमध्ये. म्हणून शेवटचा टप्पा हाताने फिरवून घ्यावा, हे प्रत्येक कॅडेटला (शिकाऊ अधिकाऱ्याला) सांगते.

खडूस_वाचक
यंत्रं-बिंत्रं ठीक आहे. टायटॅनिकवर मुळात बोटीच कमी होत्या, म्हणून माणसं मेली. डेव्हिट किती का चांगले असेनात. प्रश्न बोटींच्या संख्येचा होता आणि आहे.

टीसाइडकर
खडूसराव, हे सगळेच म्हणतात. त्यातलं निम्मं खरं आहे.

टायटॅनिकवर २० बोटी होत्या आणि त्यांत १,१७८ माणसं मावली असती. जहाजावर त्याच्या दुपटीच्या आसपास माणसं होती. इथपर्यंत तुमचं बरोबर. गंमत अशी की त्यावरचे डेव्हिट त्या काळातले सगळ्यात नवे होते, अॅक्सेल वेलिन या स्वीडिश माणसाच्या रचनेचे. एका जोडीने एकामागून एक जास्त बोटी उतरवता याव्यात अशी सोय त्यांत होती. सोय घेतली, बोटी घेतल्या नाहीत. ब्रिटिश नियम १८९४ च्या वेळचे, १०,००० टनांवरच्या जहाजाला डेव्हिटखाली १६ बोटी पुरे म्हणणारे. हे जहाज ४६,००० टनांचं.

आता दुसरी बाजू. जहाज बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, समुद्र शांत होता, जहाज फारसं कललं नव्हतं. उतरवायला यापेक्षा चांगली परिस्थिती मिळणार नाही. तरीही २० पैकी १८ बोटीच डेव्हिटवरून रीतसर सुटल्या. उरलेल्या दोन घडीच्या बोटी डेकवर पाणी आलं तेव्हा वाहून गेल्या. १३ नंबरची बोट खाली पोचल्यावर जहाजातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या झोताने मागे सरकली आणि १५ नंबरची थेट तिच्या डोक्यावर उतरत होती. खालच्या लोकांनी ओरडून, वायर नव्हे, दोर कापून जीव वाचवला.

तीन वर्षांनी, १९१५ मध्ये लुसिटानिया. धडा घेतलेला, बोटी भरपूर, ४८. टॉर्पेडो लागल्यावर जहाज १८ मिनिटांत गेलं आणि लगेच उजवीकडे कललं. डाव्या बाजूच्या बोटी आत डेकवर झुलल्या आणि तिथल्याच माणसांना चिरडलं. उजवीकडच्या इतक्या बाहेर लोंबल्या की मधल्या फटीवरून उडी मारायची हिंमत होईना. ४८ पैकी नीट उतरल्या सहा.

म्हणजे संख्या की डेव्हिट? मला विचाराल तर लुसिटानियाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, पण तिच्यावर प्रेमकथा कुणी काढली नाही.

खडूस_वाचक
सहा उतरल्या, कारण निदान त्या होत्या. बोटच नसेल तर डेव्हिटला काय वाळत घालायचंय? मी माझ्या मतावर ठाम.

आणि आपल्या 'रामदास' आगबोटीचं कुणी काही बोलत नाही. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली. सहाशेवर माणसं गेली. तिथे कुठला डेव्हिट आडवा आला?

डेकवाला
रामदास लाटेने कलंडली, खडूसराव. पावसाळी समुद्रात आगबोट आडवी झाली की बोटी कितीही असोत, उतरवायला वेळच मिळत नाही. म्हणजे तुमचंच उदाहरण टीसाइडकरांच्या बाजूने गेलं.

आजच्या नियमात लुसिटानियाचं उत्तर आहे, पण अर्धंच. जहाज कुठल्याही बाजूला २० अंश कललेलं आणि पुढे-मागे १० अंश झुकलेलं असलं तरी डेव्हिटने बोट उतरवता आली पाहिजे. त्यापलीकडे हमी नाही. २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला लागून कलत गेली, तेव्हा वर उचलल्या गेलेल्या बाजूच्या बोटी जहाजाच्या अंगावरून घासत उतरवायची पाळी आली. किनारा हाकेच्या अंतरावर होता, तरी ३२ माणसं गेली.

मालवाहू जहाजांवर म्हणूनच फ्री-फॉल बोट आली. जहाजाच्या मागच्या टोकाला उतरत्या सांगाड्यावर नाक खाली करून बसवलेली. फॉल नाही, डेव्हिटचे बाहू नाहीत, जहाज कुठल्या बाजूला कललंय याची पर्वा नाही. सगळ्यांनी पाठ पुढे करून, पट्टे आवळून बसायचं. सुकाणूवरचा माणूस हाताने एक छोटा हायड्रॉलिक पंप मारतो, हुक सुटतो आणि बोट सरळ समुद्रात. १ जुलै २००६ नंतर बांधलेल्या मोठ्या बल्क कॅरियरना ती सक्तीची आहे, कारण धान्य-खनिज भरलेली जहाजं कधीकधी फार पटकन बुडतात. प्रवासी जहाजावर ती चालत नाही. आजीबाईंना आणि तान्ह्या मुलांना घेऊन कोण तसं खाली फेकून घेणार?

गोडांबा
अवांतर: त्या बोटीत बसायची जागा माणशी किती असते? आणि खायला काय? (माझं वजन लक्षात घेऊन उत्तर द्यावे.)

रुपाली_एन
माणशी ४३० मिलिमीटर रुंद जागा. मालवाहू जहाजाच्या बोटीत माणसाचं वजन ८२.५ किलो धरतात, पूर्वी ७५ धरायचे. म्हणजे तुमच्यासाठी नियम बदललाय असंच समजा. खायला माणशी १०,००० किलोज्यूलची बिस्किटं आणि तीन लिटर पाणी. मुदत संपलेली बिस्किटं कॅडेट लोक हमखास खाऊन बघतात. परत मागत नाहीत.

लोकल_डोंबिवली
४३० मिलिमीटर? आमच्याकडे चौथ्या सीटला याच्या निम्मं मिळालं तरी पेढे वाटतात.

सारंगाचा_पोर
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. दाभोळकडचा आहे. अब्बा सारंग (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) होते, मीही डेकवरच लागलो. बोट उतरवताना अब्बांचा 'आर्या, आर्या' हा आवाज पुढून मागपर्यंत जायचा आणि 'हाबेस' म्हटलं की विंचवाला न बघता मोटर सुरू करायचा. आता वॉकीटॉकी आहेत.

सगळे इथे बुडणाऱ्या जहाजाबद्दल बोलतायत. आमच्या लोकांना भीती वाटते ती ड्रिलची. दर महिन्याला जहाज सोडायची कवायत, दर तीन महिन्यांनी बोट खरोखर पाण्यात उतरवून फिरवायची. बुडण्याची वेळ आयुष्यात बहुतेकांवर येत नाही, पण ड्रिलच्या बोटीत आम्ही कायम असतो.

एका जहाजावर (नाव लिहीत नाही) फॉल बघायला मी वर चढलो होतो. वायरला वरून ग्रीस चकचकीत. चीफ ऑफिसर खालून म्हणतो, ठीक दिसतंय. बोट जागेवर बांधलेली असताना वायरचा एक वीतभर तुकडा कायम वरच्या कप्पीवर बसून असतो, महिनोन्‌महिने त्याच जागी. तिथलं ग्रीस चिंधीने पुसलं तर खाली तांबडी भुकटी. चिंधी पुढे सरकवली तर अडकली. बारीक तारा तुटून बाहेर आल्या होत्या, चामडी हातमोज्यातून बोटात घुसल्या. त्या दिवशी ड्रिल होती. आम्ही बोटीत बसायला नकार दिला. कॅप्टनला राग आला, पण वर जाऊन स्वतः बघितल्यावर गप्प झाला. वायर पुढच्या बंदरात बदलली.

अशा वायरचं काय होतं ते फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनरी बेटांवर दिसलंच. ला पाल्मा बंदरात 'थॉमसन मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाच्या ड्रिलमध्ये फॉल तुटला, बोट उलटी होऊन पडली, पाच खलाशी गेले. जहाज बंदरात बांधलेलं, हवा चांगली.

रुपाली_एन
सारंगाच्या पोराने लिहिलंय त्यात अतिशयोक्ती नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २००१ मध्ये दहा वर्षांचा आढावा घेतला, तर लाइफबोट आणि त्या उतरवणाऱ्या यंत्रणेच्या अपघातांत १२ खलाशी मेलेले आणि ८७ जखमी. जीव वाचवायच्या साधनाने.

सगळा दोष वायरचा नव्हता, हुकांचा जास्त. बोट पाण्याला टेकली की पुढचा-मागचा हुक एकदम सुटावा म्हणून आत एक लिव्हर असतो, आणि वजन लटकत असतानाही तो चालावा असा नियम आला. हेतू चांगला, कारण उसळत्या लाटेत वायर कधी सैल, कधी ताठ. पण हुक नीट बसला नसेल किंवा केबल चुकीची जुळवली असेल तर बोट हवेतच सुटायची. शेवटी जुन्या रचनेचे हुक तपासून, गरज असेल तिथे बदलून घ्यायला लावले. २०१९ पर्यंत मुदत होती. मधल्या काळात ड्रिलच्या वेळी हुकाला समांतर एक पट्टा किंवा पिन लावायची पद्धत पडली, हुक सुटला तरी बोट त्यावर लटकेल. आमच्या जहाजांवर ती अजून वापरतात. फॉल तर पाच वर्षांत बदलायचेच, त्याआधी खराब झाले तर त्याआधी.

खरंखुरं उतरवायची वेळ आली की तो पट्टा आठवणीने काढायचा, हे वेगळं सांगायला नकोच.

वर्सोवा_नाखवा
तुमची मोठी जहाजं, मोठे नियम. आमच्या मासेमारी बोटीवर वेगळा विंडलास नाही. जाळं ओढायचा विंच आहे, इंजिनवर चालतो, नांगराचा दोर त्याच्याच ड्रमवर दोन-तीन वेढे देऊन ओढायचा. वेढे जास्त दिले तर दोर एकमेकांवर चढतो आणि हात आत जातो. माझ्या काकांची दोन बोटं अशीच गेली. दोर ओढणाऱ्याने ड्रमपासून हातभर लांब उभं राहायचं, पायाखाली दोराचं वेटोळं ठेवायचं नाही, हे आमचा तांडेल नव्या खलाशाला पहिल्या दिवशी सांगतो आणि तरी दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी होतं.

इंजिन बंद पडलं तर सहा-सात जण मिळून हाताने नांगर ओढतो. जमतं. तुमच्या दहा टनांना कसं जमवणार ते सांगा.

टीसाइडकर
नाखवा, पूर्वी ते माणसंच करायची. इथे इंग्लंडात, माझ्या जवळच हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका उभी आहे, १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, अजून तरंगते. तशा युद्धनौकांवर नांगर उचलायला कॅप्स्टन असायचा. विंडलासचा दांडा आडवा, कॅप्स्टनचा उभा. त्याच्या डोक्यातल्या भोकांत लांब दांडे खुपसून खलाशी छातीने ढकलत गोल फिरायचे. खाली लोखंडी अडसर, ते टकटक पडत जायचे, म्हणजे जहाज लाटेवर उचललं तरी कॅप्स्टन उलटा फिरून माणसं उडवणार नाही.

मोठ्या जहाजांवर नांगराचा दोर इतका जाड की तो कॅप्स्टनला गुंडाळताच यायचा नाही. मग एक बारीक अखंड दोर कॅप्स्टनला लावायचा आणि जाड दोर त्याला तुकड्या-तुकड्यांनी बांधत न्यायचा. ती बांधाबांध करायला पोरं ठेवलेली, चिखलाने माखलेल्या दोराबरोबर डेकवरून धावत बांधायची, टोकाला पोचलं की सोडायची, परत पळत मागे. एकोणिसाव्या शतकात लोखंडी साखळी आली आणि ही सगळी कसरत संपली.

संपादक
टायटॅनिकच्या चित्रपटाबद्दलचे चार प्रतिसाद त्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया इथे डेव्हिट आणि नांगरच राहू द्या.

पारंबी
धाग्याने माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठी मजल मारली. नाखव्यांनी विचारलं तेच मलाही विचारायचं होतं. खाली जायला वजन पुरतं हे पटलं. पण वीज नाही, वादळ येतंय, जहाज नांगरावर उभं आहे आणि निघायचंय. तेव्हा?

डेकवाला
आधी एक गोष्ट सांगतो. नांगरावर उभ्या जहाजाला विंडलासची मोटर धरून ठेवत नाही. ब्रेक आणि त्याच्या पुढे असलेला चेन स्टॉपर, साखळीवर आडवी पडणारी जाड पोलादी पट्टी, हे धरतात. त्यामुळे वीज गेली म्हणून जहाज सुटत नाही. सुटतं ते नांगर जमिनीवरून घसरायला लागला की, किंवा साखळी तुटली की. ही सगळी सामग्री मुळात आडोशाच्या ठिकाणी, थोड्या वेळासाठी उभं राहायला बनवलेली असते. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, मुंबईच्या समुद्रात पी-३०५ या तराफ्याचे नांगर तुटले. वर २६१ माणसं होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वादळ यायच्या आधी नांगर उचलून खोल समुद्रात जायचं, हा म्हणूनच साधा व्यवहार आहे.

आता वीज. विंडलास हा जहाजावरचा मोठा खादाड. इमर्जन्सी जनरेटर दिवे, रेडिओ, आग विझवायचा पंप असल्या गोष्टींसाठी असतो, नांगर ओढणं त्याच्या यादीत नसतं. वीज असताना तरी कुठे घाई असते? मिनिटाला ९ मीटर हा ठरवून दिलेला सरासरी वेग. साखळीचा एक शॅकल, म्हणजे एक तुकडा, २७.५ मीटर. सात शॅकल पाण्यात असतील तर काही न अडकता वीस-बावीस मिनिटं लागतात, त्यात चिखल धुवायला कुणीतरी पाण्याचा पाइप धरून उभा.

तर वीज नसताना नांगर उचलत नाहीत, नाखवा. हाताने दहा टन आणि वर साखळी, प्रश्नच नाही. टग (ओढून नेणारी बोट) मागवतात किंवा वीज यायची वाट बघतात. अगदीच गळ्याशी आलं तर साखळी सोडून देतात. साखळीचं शेवटचं टोक लॉकरमध्ये एका पिनेने अडकवलेलं असतं आणि ती पिन लॉकरच्या बाहेरून काढता येईल अशीच बसवतात, नेमकी यासाठी. आत उतरून काढायची असती तर साखळी सुटताना आतला माणूस गेलाच. वेळ असेल तर डेकवर जोड-शॅकल (दोन तुकडे जोडणारी कडी) उघडून तिथून सोडतात, म्हणजे उरलेली साखळी तरी वाचते. टोकाला दोर आणि बोया (तरंगती खूण) बांधायचा, जागा टिपून बंदराला कळवायची, नंतर कुणीतरी काढून देतं. पैसे लागतात.

वर्सोवा_नाखवा
मग तुम्ही आणि आम्ही सारखेच. आम्हीसुद्धा खडकात नांगर अडकला आणि वारा बदलला की दोर कापून बोया बांधून निघतो. फक्त आमचा बोया परत गेल्यावर जागेवर सापडेलच असं नाही, कुणीतरी आधीच नांगरासकट घेऊन गेलेला असतो.